काटा हलला पाहिजे

माझ्या पिकअपच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा एक काटा आहे. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, की हा टुणकन उडी मारून मधोमध येतो आणि गाडी बंद करेपर्यंत तिथेच बसतो. डिसेंबरातली उणे पंधराची सकाळ असो नाहीतर ऑगस्टच्या उन्हात सिग्नलला रखडलेली दुपार, काटा मध्यावर. त्याच्या मागे कमानीत 'नॉर्मल' अशी अक्षरंसुद्धा छापलेली आहेत. म्हणजे वाचायचेही कष्ट नकोत.

गंमत अशी की हा काटा काहीच मोजत नाही.

गाडी आहे १९९४ ची फोर्ड एफ-१५०. इंजिन ४.९ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर. अमेरिकेतले जुने मेकॅनिक याला नुसतं 'तीनशे' म्हणतात, कारण क्षमता ३०० क्युबिक इंच. १९६५ पासून १९९६ पर्यंत फोर्डच्या ट्रकमध्ये हे बसत होतं. टायमिंगला बेल्ट नाही, चेन नाही, सरळ गियरवर गियर. क्रॅंकशाफ्टला सात मेन बेअरिंग. दिसायला आणि वागायला ट्रॅक्टरच. माझ्या गाडीने १,८४,००० मैल पाहिलेत, म्हणजे जवळजवळ तीन लाख किलोमीटर. इंजिनाबद्दल माझी काही तक्रार नाही. मला फक्त त्याच्या तब्येतीचा आकडा हवा होता, आणि डॅशबोर्ड म्हणत होता, "नॉर्मल".

आधी या काट्याचं सोंग समजावून घेऊ. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून फोर्डच्या पिकअपमध्ये इंजिनावर प्रेशर मोजणारा सेंडर नसतो, साधा स्विच असतो. ऑइलचं प्रेशर साधारण ६ पीएसआयच्या वर गेलं की स्विच बंद होतो, सर्किट पुरं होतं. मीटरच्या मागे एक सुमारे २० ओहमचा रेझिस्टर आहे, त्यामुळे काटा बरोब्बर मध्यावर येऊन थांबतो. प्रेशर ७ असो वा ६०, काट्याला फरक नाही. थोडक्यात, हा काट्याच्या वेषातला दिवा आहे.

हे एकट्या फोर्डने केलं असंही नाही. माझदाच्या मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये १९९४ पर्यंत खरा काटा होता, १९९५ पासून असाच मध्यावर बसणारा आला. असं का करतात यावर जाणकार एकच कारण देतात: खरा काटा हलतो. सकाळी वर, दुपारी खाली, सिग्नलला आणखी खाली. लोक घाबरतात, डीलरकडे जातात, आणि डीलरला त्यांना सांगावं लागतं की अहो, हे असंच असतं. मला हा युक्तिवाद अगदीच परका वाटत नाही. आपल्यापैकी कितीजणांनी 'सर्व्हर जिवंत आहे का' या प्रश्नाला डोळे मिटून 'हो' म्हणणारं पान लिहिलंय, हात वर करा बघू :-) मॅनेजरला हिरवा ठिपका हवा असतो, आपण हिरवा ठिपका देतो.

पण दिव्याचा एक प्रामाणिकपणा असतो. तो मोजल्याचा आव आणत नाही. काटा आणतो.

एरवी मी हे चालवून घेतलं असतं. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्हाला डेन्व्हरजवळचं घर सोडून ग्रॅंड जंक्शनला जायचं होतं. अंतर सुमारे अडीचशे मैल. मध्ये रॉकी पर्वत. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, आणि आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर जातो. तिथली हवा इतकी विरळ, की टर्बो नसलेल्या इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद वाटेतच गळते. मागे भाड्याचा ट्रेलर, त्यात संसार. ट्रक भाड्याने घ्यायचा तर हजार डॉलरच्या घरात खर्च. आपलाच ट्रक वापरायचा आणि इंजिन घाटात गेलं, तर ट्रकही गेला, पैसेही गेले, आणि बायको-मुलगी पुढच्या गाडीत, मी मागे महामार्गाच्या कडेला. प्रश्न साधा होता: हे इंजिन हा घाट चढेल का? आणि 'नॉर्मल' हे त्याचं उत्तर नव्हतं.

ऑइल प्रेशर म्हणजे नेमकं काय, याचा आधी नीट विचार केला. ऑइल पंप प्रेशर तयार करतो असं आपण म्हणतो, पण पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते ऑइलला पुढे जाताना होणाऱ्या अडवणुकीमुळे. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यात इंचाच्या काही हजाराव्या भागाएवढी फट असते, त्यातून ऑइल वाहतं आणि शाफ्ट त्या थरावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. बेअरिंग झिजलं की फट वाढते, अडवणूक कमी होते, प्रेशर उतरतं. म्हणून गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर ही बेअरिंगच्या वयाची नाडी आहे.

'गरम' हा शब्द इथे महत्त्वाचा. थंड ऑइल काकवीसारखं दाट असतं, तेव्हा झिजलेलं इंजिनसुद्धा झकास प्रेशर दाखवतं. ऑइल तापलं की पातळ होतं आणि खरं काय ते कळतं. म्हणून नुसतं प्रेशरचं गेज अर्धवट. शेजारी टेंपरेचर हवंच. त्यातही ऑइल पाण्यापेक्षा सावकाश तापतं. पाण्याचा काटा दहा मिनिटांत जागेवर येतो, ऑइलचं प्रेशर मात्र त्यानंतरही बराच वेळ हळूहळू उतरत राहतं. हे ठाऊक नसेल तर माणूस दुसऱ्याच दिवशी गाडी विकायला काढेल.

गेज दोन प्रकारची मिळतात. मेकॅनिकल गेजमध्ये इंजिनातलं ऑइलच बारीक नळीतून डॅशबोर्डपर्यंत येतं आणि एका वाकवलेल्या चपट्या नळीला सरळ करू पाहतं. त्या नळीला काटा जोडलेला. युजीन बूर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि प्रेशर कुकरच्या कारखान्यापासून ऑक्सिजनच्या नळकांड्यापर्यंत अजून तेच चालू आहे. भरवशाचं यंत्र. पण नळी फुटली तर गरम ऑइल थेट पायावर. मी इलेक्ट्रिक घेतलं: इंजिनावर सेंडर, आत गेज, मध्ये एक वायर. इथे एकच पथ्य, सेंडर आणि गेज एकाच जोडीचे हवेत. काही कंपन्यांचा सेंडर १० ते १८० ओहम देतो, काहींचा २४० ते ३३, म्हणजे चक्क उलटा. जोडी चुकली तर काटा हलेल, पण भलतंच सांगेल, आणि न हलणाऱ्या काट्यापेक्षा तो वाईट.

पहिला वीकेंड ऑइलचा. मूळ स्विच काढून तिथे पितळेचा टी लावायचा, एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवा सेंडर. ऐकायला सोपं. पण सेंडर हा चांगला मुठीएवढा वजनदार डबा असतो. तो टीच्या टोकाला लटकवला तर इंजिनाच्या थरथरीने काही महिन्यांत पितळ मोडतं आणि सगळं ऑइल रस्त्यावर. म्हणून टीपासून जाळीदार आवरणाचा एक लवचिक होस काढला आणि सेंडर बाजूला क्लॅम्पने पक्का बसवला. अशा सेंडरला आट्यांमधून अर्थ मिळतं, त्यामुळे टेफ्लॉन टेप गुंडाळगुंडाळ गुंडाळायची नाही. मी तर वेगळी अर्थिंगची वायरच ओढली. शंका नको.

जुना स्विच ठेवला तो मुद्दाम. धोक्याचा दिवा म्हणून तो उत्तम आहे, आणि एकाला दोन बरे.

मग फायरवॉल. आपल्या धंद्यात या शब्दाचा अर्थ वेगळा, इथे खरोखरीची लोखंडी भिंत. त्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर पत्र्याची कड वायरचं इन्सुलेशन कापते आणि शॉर्ट होतो. वीज घेतली ती किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या सर्किटमधून, मध्ये ३ अॅंपिअरचा फ्यूज.

दुसरा वीकेंड टेंपरेचरचा. या इंजिनावर पाण्याचे दोन सेन्सर असतात, एक कंप्युटरसाठी, एक डॅशबोर्डसाठी. मी दोघांनाही हात लावला नाही. रेडिएटरच्या वरच्या होसमध्ये बसणारा अॅल्युमिनियमचा तुकडा मिळतो, त्याला सेंडरसाठी आटे पाडलेले असतात. होस कापायचा, तो मध्ये घालायचा, दोन्ही बाजूंनी क्लॅम्प. दोन्हीकडे रबर असल्यामुळे इथे अर्थिंगची वेगळी वायर लागतेच. या जागेचा एक तोटा: थर्मोस्टॅट उघडेपर्यंत (या इंजिनात १९५ फॅरनहाइट, म्हणजे ९१ सेल्सियसच्या आसपास) वरच्या होसमध्ये पाणी फारसं फिरत नाही, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं हे गेज थंडच दाखवतं. घाटापुरतं बोलायचं तर चालेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. टेंपरेचरचा सेंडर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. होस फुटून पाणी गेलं की तो हवेत लटकतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो, इंजिन भाजत असताना! म्हणून एकाएकी 'छान थंड' झालेला काटा दिसला तर खूश व्हायचं नाही, गाडी बाजूला घ्यायची.

बसवण्याआधी दोन्ही गेज तपासून घेतली. टेंपरेचरचं स्वयंपाकघरात. सेंडर उकळत्या पाण्यात धरला, वायरी गेजला, गेज बारा व्होल्टच्या बॅटरीला.

"ते चहाचं पातेलं आहे," बायको म्हणाली.

"जुनं आहे."

"आता जुनं झालं."

काटा २०२ वर थांबला. पुस्तकात पाणी २१२ फॅरनहाइटला उकळतं, मग गेज दहा अंशांनी चुकतंय का? नाही. डेन्व्हरच्या उंचीवर पाणी ९५ सेल्सियसला, म्हणजे २०३ फॅरनहाइटलाच उकळतं. गेज बरोबर होतं. याचीच पुढची पायरी म्हणजे बोगद्यापाशी उघड्या भांड्यातलं पाणी ८९ सेल्सियसच्या आसपास उकळेल. म्हणजे थर्मोस्टॅट उघडण्याआधीच! तरी गाड्या तिथून रोज जातात, कारण रेडिएटरचं झाकण पाणी दाबून ठेवतं, अगदी कुकरच्या शिटीसारखं, आणि शिवाय निम्मं कूलंट असतं. पण याचा अर्थ असा की त्या घाटात तुमचं इंजिन एका झाकणाच्या रबरी वायसरवर अवलंबून आहे. मी नवं झाकण घेतलं.

ऑइलच्या गेजसाठी पार्टसच्या दुकानातून डिपॉझिट ठेवून मेकॅनिकल टेस्ट गेज आणलं आणि ताडून पाहिलं. त्याने ४३ दाखवलं तिथे माझं ४१. ठीक.

मग आठवडाभर नुसते आकडे लिहिले. थंड इंजिन, सुरू केल्याबरोबर: ६०. अर्धा तास चालवल्यावर, २,००० आरपीएमला: ४१. सिग्नलला, आयडलवर: १६. या इंजिनाचं पुस्तक गरम असताना २,००० ला ४० ते ६० सांगतं. म्हणजे आमचे पैलवान पास झाले, पण काठावर. (तुलनेसाठी, कारच्या टायरमध्ये साधारण ३२ असतं.)

त्या आठवड्यात बायको एकदा शेजारी बसली होती. सिग्नल लागला, काटा ४१ वरून १६ वर उतरला.

"हे काय झालं?"

"काही नाही, असंच असतं."

"मग आधीचा नॉर्मल दाखवायचा तेच बरं होतं की."

गाडीच्या कंपन्यांचा सगळा युक्तिवाद तिने एका वाक्यात मांडला. आणि खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस माझंही रस्त्यापेक्षा काट्याकडेच लक्ष होतं. माहिती फुकट येत नाही, तिच्याबरोबर काळजीही येते. ती कमी होते ते रोजचं वागणं ओळखीचं झाल्यावर. चौथ्या दिवशी सिग्नलला १६ दिसलं आणि मला काही वाटलं नाही. १६ हा आता आमच्या घरचा आकडा होता.

माझ्या मामाने वीस वर्षं वाई ते महाबळेश्वर वडापची जीप चालवली. पसरणीचा घाट त्याला पाठ. त्याला फोन करून सांगितलं.

"मामा, गरम असताना आयडलला सोळा येतंय."

"सोळा कसलं? किलोत सांग."

"एक किलोच्या जरा वर. दोन हजारला तीनला थोडं कमी."

"मग चालतंय की. तीन लाख पळालीय म्हणतोस, अजून काय पाहिजे तुला? बरं, ऐक. घाटात गियर आधी पाडायचा. पाणी उकळल्यावर न्हवं."

मामाच्या गियरवरून पुढची गोष्ट सुचली. आकडा बघून त्या क्षणी निर्णय घ्यायचा म्हटलं, तर माणूस स्वतःची समजूत काढतो. 'अजून दोन मैल, मग बघू.' ऑफिसात रात्री दोन वाजता अलर्ट आल्यावर आपण हेच करतो. म्हणून निघायच्या आदल्या रात्री घरी बसून कागदावर लिहिलं आणि तो कागद डॅशबोर्डला चिकटवला. पाणी २२० ला: गियर पाडायचा, वेग कमी, हीटर फुल. २३५ ला: थांबायचं, चर्चा नाही. ऑइल दर हजार आरपीएमला दहाच्या खाली: थांबायचं. आयडलला दहाच्या खाली: इंजिन बंद आणि टो ट्रक. बायकोने कागद वाचला आणि फोटो काढून घेतला. म्हणजे आता पळवाट नाही.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. आयडाहो स्प्रिंग्जपर्यंत पाणी २०० च्या आसपास. जॉर्जटाउनच्या पुढच्या चढाला २१०, आणि तिथे फॅनचा क्लच लागला. हा क्लच गरम हवेने आपोआप पकडतो आणि मग बॉनेटखालून विमान उडाल्यासारखा आवाज येतो. सिल्व्हर प्लूमच्या पुढे काटा सरकत सरकत २२१ ला गेला. कागदाप्रमाणे तिसरा गियर, ताशी ३५ मैल, उजवी लेन, धोक्याचे दिवे चालू, ऑगस्ट महिन्यात हीटर फुल, खिडक्या उघड्या. घामाच्या धारा. मागून मोठमोठे ट्रक येत होते आणि माझ्याइतक्याच वेगाने रांगत होते, ते बघून धीर आला. चार-पाच मिनिटांत काटा २१२ वर उतरला आणि बोगद्यापर्यंत तिथेच राहिला. ऑइल २,८०० आरपीएमला सकाळी ४८ होतं, ते ३९ झालं. कागदावरची मर्यादा २८. या सगळ्या वेळात गाडीचा मूळ टेंपरेचरचा काटा 'नॉर्मल'मधल्या दोन अक्षरांएवढा सरकला. आणि मूळ ऑइलचा? मधोमध.

ग्रॅंड जंक्शनला पोचलो तेव्हा आयडलला १३ होतं.

तर भारतातल्या मंडळींसाठी थोडं. आता बऱ्याच छोट्या गाड्यांत टेंपरेचरचा काटाच नसतो, निळा आणि लाल दिवा असतो. पण ओबीडीचं सॉकेट असेल तर छोटं ब्लूटूथचं अॅडॉप्टर लावून पाण्याचं खरं तापमान फोनवर दिसतं. कुठे काही कापायला नको. ऑइलचं प्रेशर तिथे सहसा मिळत नाही, कारण बहुतेक गाड्यांत अजूनही नुसता स्विचच असतो. आणि जुनी जीप घरात असेल तर तिचा काटा खरा आहे का ते बघा. किल्ली फिरवल्यापासून अर्ध्या तासात तो एकदाही खाली सरकला नाही, तर मला त्याच्याबद्दल शंका आहे.

असो, फारच तेलकट विषय झाला. ट्रक अजून दारात आहे. आयडलच्या आकड्यांची वही ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, दर ऑइल बदलाला एक ओळ. गेल्या ओळीत १५ आहे, ऑइल नवं होतं म्हणून. ती ओळ १० वर येईल त्या दिवशी इंजिन उघडायचं, असं ठरलंय. कागदावर लिहून, बायकोच्या सहीने.